एकट्याचा गहू

नेव्हिल ट्रेलोरच्या तोंडून नको ती गोष्ट कधी बाहेर पडली नाही, हे आमच्या पोर्ट हॅरलमधलं शेंबडं पोरही सांगेल. माणूस घुमा नव्हता. बोलायचा भरपूर, पावसावर, फुटबॉलवर, नगरपालिकेच्या अकलेवर. पण जे सांगायचं नाही ते त्याच्याकडून काढून घेणं म्हणजे मिटलेल्या शिंपल्यात नख घालण्यातला प्रकार होता.

हा गुण त्याला नोकरीने लावला. गावाच्या डोक्यावर धान्य साठवायचे ते पांढरे उंच सायलो उभे आहेत, तिथे त्याने सगळी हयात काढली. सुगीत आजूबाजूचे शेतकरी ट्रक भरभरून गहू आणत. नेव फळीवर चढून ट्रकमध्ये लांब पोकळ नळी खुपसायचा, नमुना काढायचा आणि खोपटात नेऊन तपासायचा. प्रोटीन किती, ओल किती, बारका दाणा किती. त्यावर गव्हाची प्रत ठरायची आणि प्रतीवर त्या घरातलं पुढचं वर्ष. साहजिकच मागच्या ट्रकवाल्याचा जीव पुढच्याचं काय आलं ते कळण्यासाठी खालीवर होत असे.

"नेव, त्या ऑलिव्हरचं प्रोटीन किती आलं रे?"

"गव्हात असतं तेवढं."

"माझ्यापेक्षा कमीच असणार."

"ट्रक पुढे घे."

सख्खे भाऊ रांगेत असले तरी एकाचा आकडा दुसऱ्याला कळला नाही. आणि एकदा ट्रक जाळीवर रिकामा झाला, गहू पट्ट्यावरून चढून आपापल्या प्रतीच्या सायलोत पडला, की विषयच संपला. मग त्यातला कुठला दाणा कुणाच्या रानातला हे प्रत्यक्ष देवालाही सांगता आलं नसतं. नेवला याचं मोठं समाधान वाटे. "सायलोच्या पोटात सगळे सारखे," असं तो म्हणायचा. हे त्याचं वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढे त्याचा घात झाला तो याच समजुतीपायी.

आता दुसरी गोष्ट, जागेची. आमच्याकडे माणूस एक वेळ बायकोशी झालेलं भांडण चारचौघांत सांगेल, डॉक्टरने काय सांगितलं तेही सांगेल, पण व्हायटिंग मासे कुठे लागतात ते सांगणार नाही. किनाऱ्यावर मासे साफ करायचं सिमेंटचं टेबल आहे. तिथे कुणी मासे घेऊन आला की दुसरा विचारणार, "कुठं मिळाले?" आणि पहिला सांगणार, "पाण्यात." हा विनोद आमच्या आजोबांच्या वेळचा आहे, आणि अजूनही त्याला कुणी ना कुणी हसतो. गावासमोरच्या आखातात जायचं तर आधी उलट्या दिशेला जायचं, मग वळसा घालून आपल्या जागी. तिथे नांगर टाकून बसलं असताना दुसरी बोट जवळ येताना दिसली, तर मुकाट्याने नांगर उचलायचा आणि काहीच लागत नाही असा चेहरा करून वाहत वाहत दूर जायचं. ती बोट गेली की परत. यात कुणाला काही गैर वाटत नाही. उलट नांगर न उचलणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर बिनडोक.

नेवची जागा नेवची एकट्याची नव्हती. ती त्याची आणि रॉस पेन्बर्थीची. रॉस गावातला प्लंबर, उंच, हाडकुळा आणि बोलायला तिखट. रॉसच्या बापाने म्हातारपणी बोट विकायला काढली तेव्हा दोघांना एकदाच नेऊन जागा दाखवली. बोटीतून पाहताना सायलोची दक्षिणेकडची कड चर्चच्या टोकावर आली पाहिजे आणि किनाऱ्यावरचा जुना उंच पाइन वृक्ष मागच्या खाणीच्या पांढऱ्या डागावर. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पाण्याखाली गवताच्या कुरणात वाळूचा एक मोकळा तुकडा आहे, टेनिसच्या मैदानाएवढा. तिथे व्हायटिंग येतात. "बायकोला नाही, पोरांना नाही," म्हातारा म्हणाला होता. "तुम्ही दोघं, बस." दोघांनी ते पाळलं.

दोघांचा एक जुनाट ट्रॅक्टर होता, भागीत घेतलेला, बोटी वाळूवरून पाण्यात ढकलायला. त्याची किल्ली सीटखाली एका पत्र्याच्या डब्यात असे. ज्याने शेवटी वापरला त्याने डिझेल भरून ठेवायचं, एवढाच नियम. नेवची बायको मर्ल गेल्यावर दर मंगळवारी तो रॉसकडे जेवायला जाऊ लागला. रॉसची बायको ग्लेनिस बटाटा-मांस भरलेल्या, मोठ्या करंज्यांसारख्या पेस्ट्या करायची आणि नेवच्या पेस्टीच्या कोपऱ्यावर कणकेचं 'न' ठेवायची, म्हणजे रॉसने ती खाऊ नये. नेवची मुलगी लांब पर्थला. खरं सांगायचं तर नेवला आपलं माणूस म्हणून उरलेले हे दोघंच होते.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. रॉसच्या डोळ्यांचा मधला भाग अंधुक होऊ लागला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टरने सांगितलं की हे असंच राहणार, फार तर वाढणार नाही. बोटीत रेघा जुळवण्याचं काम नेवकडे आलं. आणि दुसऱ्या वर्षी नगरपालिकेने किनाऱ्यावरचा तो पाइन आतून कुजला म्हणून पाडला. गावाने त्या झाडासाठी हळहळ व्यक्त केली, वर्तमानपत्रात फोटोही आला. नेव आणि रॉसची एक अख्खी रेघच गेली हे मात्र कुणाला कळलं नाही, आणि दोघांना ते कुणापाशी बोलताही येईना.

त्यानंतर जागा सापडायची, पण कधी पहिल्या फटक्यात, कधी तासभर चाचपडून. रॉस पुढे बसून कुरकुरायचा, "मी आंधळा आणि तू खुळा. बरी जोडी जमली."

नेवने मनावर घेतलं. त्याच्या मुलीने नवा फोन पाठवला होता. मासेमारांसाठी एक वेबसाइट होती, फोनवर तिचंच ॲप व्हायचं. नांगर टाकला की एक बटण दाबायचं. जागा नोंदली जाते, आणि पुढच्या वेळी बाण दाखवत तुम्हाला नेमकी तिथे नेऊन सोडते. फुकट. रॉसला सांगायची सोय नव्हती. फोन म्हणजे चावट माणसांचं खेळणं असं त्याचं ठाम मत. शिवाय नेवच्या मनात होतं की रॉसला उगाच वाटायला नको, आपले डोळे गेले म्हणून याला यंत्र घ्यावं लागलं. म्हणून त्याने ठरवलं की बटण खिशातल्या खिशात दाबायचं.

पण दाबण्याआधी त्याने वाचलं. मी पैजेवर सांगतो, पोर्ट हॅरलमध्ये आजवर कुठल्याही वेबसाइटचं खासगीपणाचं धोरण वरपासून खालपर्यंत वाचलेला माणूस हा एकच. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून, चष्म्यावर भिंग धरून, दोन संध्याकाळी. वर मोठ्या निळ्या अक्षरांत होतं: 'तुमच्या जागा तुमच्याच. तुमचं गुपित आम्ही जिवापाड जपतो. तुमची वैयक्तिक माहिती आम्ही कधीही विकत नाही.' शेजारी कुलपाचं चित्र. नेव काही कुलपाच्या चित्राला भुलणारा नव्हता. तो खाली खाली जात राहिला. पुढे पुढे अक्षरं बारीक होत गेली आणि वाक्यं लांब. एके ठिकाणी होतं: 'सर्व सभासदांचा अनुभव अधिक समृद्ध व्हावा यासाठी, ज्यातून कुणाचीही ओळख पटणार नाही अशी, अनेकांच्या नोंदी एकत्र करून तयार झालेली माहिती आम्ही सभासदांना तसेच निवडक भागीदारांना उपलब्ध करून देऊ शकतो.'

इथे नेव थांबला. 'देऊ शकतो' म्हणजे देतातच, एवढं त्याला कळत होतं. सायलोच्या फलकावर 'कपात केली जाऊ शकते' असं लिहिलेलं असे आणि कपात न झालेला ट्रक त्याने पाहिला नव्हता. पण 'एकत्र करून' हे वाचून त्याच्या मनाची खात्री पटली. एकत्र म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सगळ्यांचा माल एका पोटात. कुणाचा दाणा कुठला, देवालाही कळायचं नाही. वाचून वाचून तो नेमका तिथेच फसला, आणि आपण डोळसपणे बघून घेतलं या समाधानात झोपी गेला. न वाचणारा फसला असता तर त्याला निदान तेवढं समाधान तरी नसतं मिळालं.

तो उन्हाळा झकास गेला. बाण दाखवील तिकडे नेव बोट न्यायचा, वर 'ती बघ खाण, तो बघ सायलो' अशी बतावणी करायचा, आणि खिशात बटण दाबायचा. रॉस खूश. "तुला अक्कल यायला पाइन पडावा लागला तर," असं म्हणायचा.

ईस्टरच्या सुट्टीत रॉसचा जावई ब्रेट ॲडलेडहून आला, नवी कोरी बोट मागे बांधून. चार दिवस राहिला, सासऱ्याला घेऊन दोनदा खेकडे धरायला गेला आणि परतला. त्याच्या पुढच्या शनिवारी नेव आणि रॉस सकाळी निघाले, वळसा घातला, आणि नेवने पाहिलं तर जागेवर दोन बोटी. परगावच्या, मोठ्या. नांगर टाकून, अगदी वाळूच्या तुकड्यावर. नेवने आपली बोट लांबून वळवली. एखाद्या दिवशी कुणी चुकून बसतं. पण रविवारी तीन होत्या. त्यानंतरच्या आठवड्यात एकाने येताना चुलतभावाला आणलं होतं.

नेवची झोप उडाली. जागा दोघांना माहीत. आपण सांगितलं नाही, हे आपल्याला माहीत. मग राहिलं कोण? आणि ब्रेटची बोट तर अख्ख्या गावाने पाहिली होती.

त्याने रॉसला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. मंगळवार होता, ग्लेनिसच्या टेबलाशी बसून विचारता आलं असतं. तेवढं सुचलं नाही, किंवा सुचलं आणि केलं नाही. शनिवारी मासे साफ करायच्या टेबलाशी गर्दी होती. पेलिकन पक्षी आतड्यांसाठी टपून उभे, आठ-दहा माणसं सुऱ्या चालवत. रॉस बोटाने चाचपून खवले काढत होता. कुणीतरी म्हणालं, आजकाल परगावचे लोक डबे भरून नेतायत बुवा. आणि नेव, ज्याच्या तोंडून उभ्या जन्मात नको ते कधी निघालं नव्हतं, तो म्हणाला, "जाणारच की. जावयाने नवी बोट घेतली की सासऱ्याने नकाशाही द्यायला नको का?"

रॉसने सुरी खाली ठेवली.

"कुणाला म्हणतोस?"

"इथे जावईवाला सासरा दुसरा कोण आहे? दोघांना माहीत होती, रॉस. दोघांनाच."

रॉसने तिरकी मान करून, जसं त्याला दिसायचं तसं, नेवकडे बघितलं.

"बरोबर. दोघांनाच," तो म्हणाला. "मी तर नाही सांगितली. तेव्हा कुणी सांगितली ते मला आत्ता कळलं. आणि वर माझ्याच अंगावर ढकलतोस."

मासे तसेच टेबलावर टाकून तो चालता झाला. पेलिकनांची चंगळ झाली.

मंगळवारी नेव गेला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. ट्रॅक्टर मात्र दोघांचा होता, तो काही वाटून घेता येत नव्हता. किल्ली डब्यात असायची, डिझेल भरलेलं असायचं. एकमेकांचं तोंड न बघता दोघंही नियम पाळत होते, आणि नेवला त्या भरलेल्या टाकीचाच जास्त राग यायचा. भांडलेल्या माणसाने कसं, सगळंच सोडावं.

रॉस आता एकटा आपल्या छोट्या बोटीतून जाऊ लागला, किनाऱ्याला धरून. ग्लेनिसचा जीव टांगणीला. एका सकाळी नेव परतत होता तेव्हा त्याला समोर रॉसची बोट दिसली, नांगर टाकलेली. कुठून बुद्धी झाली कोण जाणे, त्याने बोट त्या दिशेला घेतली. काही बोलावं, निदान हात तरी करावा. रॉसला एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, पण नेवच्या इंजिनाचा खोकला तो झोपेतही ओळखला असता. त्याने कान दिला. मग उठला, सावकाश नांगर ओढून घेतला, आणि वाहत वाहत दूर गेला.

परक्या बोटीसाठी करतात तसं. नेव इंजिन बंद करून बराच वेळ तिथेच बसून राहिला. मर्ल गेली तेव्हा इतकं एकटं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा रॉस होता.

जूनच्या लांब सुट्टीत पुन्हा परगावच्यांची झुंबड उडाली. टेबलाशी नेवच्या शेजारी एक चाळिशीचा माणूस उभा राहिला, शॉन नावाचा, वीजतंत्री, बोलका आणि बिचारा भला. त्याच्याकडे व्हायटिंगची रास होती. त्याने नेवला आपली धारदार सुरी वापरायला दिली.

"तुम्ही इथलेच का? मग तुम्हाला काय, सगळ्या जागा पाठ असणार."

"असतात काही," नेव म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितली?" ब्रेटचं नाव ऐकायची त्याने तयारी केली होती. खरं तर त्याला ते ऐकायचंच होतं.

"छे हो, इथे कोण सांगतंय? तुम्ही लोक म्हणजे तोंडाला कुलूप." शॉनने हात पुसून फोन काढला. "हे बघा. ॲप आहे. फुकटवाल्यांना दिसत नाही, सोनेरी सभासद झालं की दिसतं. लोक कुठे जास्त वेळ थांबतात, कुठे मासे जास्त लागतात, तिथे रंग चढतो. पिवळा, मग केशरी, मग लाल."

फोनवर आखाताचा नकाशा होता. ॲडलेडच्या बाजूला सगळीकडे पिवळं-केशरी, हळद सांडल्यासारखं, कुठे काय ते कळू नये असं. आणि इकडे आमच्या बाजूला सगळं निळं. निळं, निळं, नुसतं निळं, आणि त्यात मधोमध एकच लालभडक ठिपका. टेनिसच्या मैदानाएवढा.

"इकडे कुणी वापरतच नाही वाटतं हे," शॉन म्हणाला. "पण जो कोण वापरतो ना, देव त्याचं भलं करो."

नेवने माशाच्या पोटात सुरी घातलेली होती, ती तशीच राहिली. 'अनेकांच्या नोंदी एकत्र करून.' ॲडलेडला अनेक होते, तिथे ते खरं होतं. इथे सायलोत एकाच माणसाने माल ओतला होता, उन्हाळाभर, खिशातल्या खिशात. एकट्याचाच गहू. त्यात मिसळायला दुसऱ्या कुणाचा दाणाच नव्हता.

"काय झालं? कापलं का?" शॉनने विचारलं.

"नाही," नेव म्हणाला. "सुरी चांगली आहे तुमची."

घरी येऊन त्याने कंपनीला लिहिलं. उत्तर दोन दिवसांत आलं, अगदी गोड. तुमच्या विश्वासाचं मोल आम्ही जाणतो. आम्ही खात्रीपूर्वक कळवतो की तुमचं नाव, पत्ता अथवा ओळख कोणत्याही सभासदास उघड झालेली नाही. हे शब्दन् शब्द खरं होतं, आणि मला चीड येते ती त्याचीच. नाव कुणालाच कळलं नव्हतं. पण नाव हवं होतं कुणाला? लोकांना मासे हवे होते. नेवने खातं बंद करायचं बटण दाबलं, तर फोनने सांगितलं की खातं बंद होईल, मात्र आधीच एकत्र झालेली माहिती वेगळी काढता येत नाही. निदान हे तरी सरळ भाषेत होतं.

आता बघा, हे कुणालाच कळलं नसतं. शॉनला माहीत नव्हतं, रॉस फोनला हात लावत नव्हता, आणि गावाने केव्हाच ब्रेटला दोषी धरून टाकलं होतं. नेवने तोंड मिटून ठेवलं असतं तर त्यात त्याचा हातखंडाच होता. पण त्या मंगळवारी तो उठला आणि रॉसच्या घरी गेला.

दार ग्लेनिसने उघडलं. तिने त्याला खालून वरपर्यंत बघून घेतलं.

"आलास? पेस्ट्या तीन केल्यात. दर मंगळवारी तीनच करते मी, आणि तिसरी कुत्रं खातं. ते बघ कसं फुगलंय."

"आधी बोलायचंय, ग्लेनिस."

रॉस मागच्या ओसरीवर रेडिओ ऐकत होता. त्याने मान वळवली नाही. नेव उभाच राहिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाइन, फोन, खिशातलं बटण, लाल ठिपका. काहीही गाळलं नाही. बोलून झाल्यावर रॉसने रेडिओ बंद केला.

"वाचलं होतंस तू ते?"

"सगळं. दोनदा."

"आणि वाचूनही केलंस."

"मला वाटलं, सायलोसारखं असेल. सगळ्यांचं मिसळलं की कुणाचं काय ते कळत नाही. माझ्या ध्यानात आलं नाही की इथे सगळे म्हणजे मी एकटाच."

आतून ग्लेनिसची भांडी वाजत होती, मुद्दाम हळू, बाहेरचं बोलणं ऐकू यावं म्हणून.

"मासे गेले त्याचं मला काही नाही," रॉस म्हणाला. "आखातात वाळू काय तेवढीच आहे? त्या फोनचंही काही नाही. तू गाढव आहेस हे मला शाळेपासून माहीत आहे. पण तू मला विचारलं नाहीस, नेव. दहा माणसांसमोर बोललास. ब्रेटचं बिचाऱ्याचं इथे यायला मन होत नाही आता."

"चुकलं माझं."

"हो, चुकलं." त्याने रेडिओ परत लावला. "आता घरी जा."

ग्लेनिसने दारात त्याच्या हातात गुंडाळलेली पेस्टी दिली. "कुत्र्याला डॉक्टरने मनाई केलीय," ती म्हणाली.

शनिवारी टेबलाशी गर्दी होती. नेवकडे त्या दिवशी एकही मासा नव्हता, तरी तो तिथे गेला, आणि सुऱ्या थांबेपर्यंत उभा राहिला. म्हणाला, "ईस्टरनंतर मी रॉसबद्दल आणि ब्रेटबद्दल जे बोललो ते खोटं होतं. जागा मीच दाखवली. माझ्या फोनने. सगळ्या ॲडलेडला." आणि कसं ते सांगितलं.

आमच्या गावाला दया येते, पण आधी हसू येतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "म्हणजे नगरपालिका ज्यासाठी एवढी वर्षं पैसे मागत होती, ते दीपगृह आपल्याला फुकटच मिळालं." झालं. त्या दिवसापासून नेव्हिल ट्रेलोर संपला आणि दीपगृह सुरू झालं. दुकानात, चर्चबाहेर, पबमध्ये शुक्रवारी मांसाचं बक्षीस असलेल्या सोडतीला. "दीपगृहाला एक तिकीट द्या रे, दिवा चालू ठेवायला हवा." नेवने ते निमूट सोसलं. ब्रेटला त्याने फोन करून माफी मागितली. ब्रेट म्हणाला, जाऊ द्या हो, मला तर खेकड्यांपलीकडे काही कळत नाही.

रॉस मात्र बोलला नाही. डब्यात किल्ली, टाकीत डिझेल, एवढाच व्यवहार.

आमच्याकडचा जून ते ऑगस्टचा हिवाळा सरला. लाल ठिपक्यावर इतक्या बोटी बसून गेल्या की तिथे मासाच उरला नाही, आणि परगावचे लोक दुसरा ठिपका शोधत निघून गेले. सप्टेंबरातल्या एका सकाळी, समुद्र तव्यासारखा सपाट असताना, नेव फोन घरी ठेवून निघाला. कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. उत्तरेला, जिथे आमच्यातलं कुणी फारसं जात नाही, तिथे त्याला रॉसची बोट दिसली. नांगर टाकलेली, गळ पाण्यात.

नेवने लांबच इंजिन बंद केलं. तोवर ते खोकलून झालं होतं आणि रॉसने मान उचलली होती. तो उठला. दोराकडे हात गेला. नेव बघत राहिला. रॉस दोर धरून थोडा वेळ उभा राहिला, मग दोर सोडून दिला आणि खाली बसला.

पाण्याच्या ओढीने नेवची बोट हळूहळू जवळ गेली. हाकेच्या अंतरावर त्याने आपला नांगर सोडला. मग एक गोष्ट केली. तो उलटा फिरून बसला, किनाऱ्याकडे पाठ करून, नुसत्या मोकळ्या समुद्राकडे तोंड करून. जागा रॉसने शोधलेली होती. तिच्या रेघा आपल्या डोळ्यांत शिरू नयेत एवढंच त्याच्या हातात होतं.

रॉसने दोन मासे काढले, ते डब्यात आपटल्याचे आवाज नेवने ऐकले.

"काय रे दीपगृहा," रॉस मागून म्हणाला. "तिकडे काय बघतोयस?"

"काही नाही."

"मग मागे वळ आणि नीट बघ. पाण्याच्या टाकीवर काय येतंय? आणि शाळेच्या छपरावर काय? मी इथे नशिबाने बसलोय, उद्या परत कसा सापडणार? मला दिसत नाही ते."

नेव वळला. डोळे पुसायला थोडा वेळ लागला, मग त्याने किनारा नीट न्याहाळला आणि एकेक करून रॉसला सांगायला सुरुवात केली.